पोरीला क्रिमिनल जस्टिसची डिग्री करायची आहे, वर्षाला १ लाख २० हजार. भरू का?

शालिमार_स्टँड
नाशिकला शालिमारला रिक्षा लावतो, राहायला सातपूरला. थोरली यंदा बारावी आर्ट्स झाली, ६१ टक्के. तिला पोलीस, कोर्ट, तपास याचंच वेड. एका खाजगी विद्यापीठाचा माणूस घरी येऊन गेला. बीए क्रिमिनल जस्टिस, ३ वर्षं. म्हणे डिग्री झाली की थेट फौजदार. कर्जही तेच काढून देणार. आम्ही ओबीसी, उत्पन्नाचा दाखला ९६ हजारांचा. रिक्षाचेच ११ हप्ते बाकी आहेत. लॉची सीईटी तिने दिली नाही, आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

खाकी_नाशिक
दादा, मी खात्यात आहे. शिपाई भरतीला बारावी पुरते. फौजदार व्हायचं तर कुठलीही पदवी आणि एमपीएससी. मराठी वाङ्मयाचीसुद्धा चालते. त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीत निवड झालेले जातात, फी भरून कुणी जात नाही. आधी पोरीची उंची मोजा, शिपाई भरतीला मुलींना १५५ सेंमी लागते.

गोदाकाठ
फॉरेन्सिकला टाका की. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आलेत. ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचंय. माणसं लागणारच.

फाटकाबाहेरची
गोदाकाठ, पोरगी आर्ट्सची आहे. त्याला बारावी सायन्स लागते.

भाऊ, सीबीएसजवळच्या कोर्टाबाहेर मी ७ वर्षं टायपिंग केलं. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, जामिनाचे अर्ज. त्यातच मुक्त विद्यापीठातून बीए केलं, मग एलएलबी. आता त्याच फाटकाच्या आत बसते, म्हणून सांगते.

त्या माणसाला एवढंच विचारा, 'प्रवेश कॅपमधून होतो का?' कॅप म्हणजे सरकारची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया. सरकारची सवलत डिग्रीच्या नावावर मिळत नाही, प्रवेश कुठल्या दाराने झाला त्यावर मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. एलएलबी त्यात येते. मॅनेजमेंट कोटा येत नाही, आणि खाजगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत. म्हणजे तुमच्या त्या १ लाख २० हजारांतला रुपयाही सरकार भरणार नाही.

सीईटी चुकली म्हणून डोक्याला हात लावू नका. मला तर तुमच्यासारख्या घराला ५ वर्षांच्या लॉपेक्षा आधी साधं बीए बरं वाटतं. ५ वर्षांच्या कोर्समध्ये तिसऱ्या वर्षी घरात आजारपण निघालं की हातात काहीच नसतं. बीए केलं तर तिसऱ्या वर्षी पदवी हातात. तेवढ्यावर फौजदारकीची परीक्षा देता येते, आणि पटलं तर ३ वर्षांची एलएलबी, तीही कॅपमधून. एकूण ६ वर्षं लागतील, पण अधल्यामधल्या स्टॉपला उतरता येतं. रिक्षावाल्याला हे मी काय सांगायचं!

कॉलेज अनुदानित बघा, 'कमवा व शिका' चालू आहे का विचारा. जातवैधता आणि नॉन-क्रिमीलेअर आत्ताच काढायला टाका. आमच्यातल्या निम्म्या पोरी अभ्यासात नाही, दाखल्यात अडकतात. आणि कुणी पत्राने एलएलबी करून देतो म्हटलं तर दारातूनच परत पाठवा, बार कौन्सिलला ती चालत नाही.

वकिलीच्या सनदेच्या वेळी नोंदणीची फी भरायला मी गळ्यातली पोत मोडली होती. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नोंदणीला ७५० रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, एससी-एसटीला १२५. पोत काही परत येत नाही म्हणा.

शालिमार_स्टँड
ताई, त्या माणसाला फोन लावला. कॅपचं नाव काढलं तर म्हणतो, 'आमच्याकडे त्याची गरजच नाही, डायरेक्ट ॲडमिशन.' मग कर्जाचं व्याज विचारलं, तर म्हणे साहेबांशी बोलून सांगतो. पोरगी बाजूलाच होती, तीच हसली. पण क्रिमिनल जस्टिस नाव गेलं म्हणून जरा हिरमुसलीय.

फाटकाबाहेरची
तिला एक दिवस कोर्टात घेऊन या. फौजदारी कोर्टात मागच्या बाकावर बसू दे, तिकीट लागत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी ऐकली की नाव विसरेल.

शालिमार_स्टँड
सोमवारी आणतो. उद्या केटीएचएम कॉलेजला चौकशीला जातोय, गंगापूर रोडचं भाडं मिळालं तर बरं.