मदत हवी आहे: संस्थेचा निधी आणि ई-लर्निंगचा वापर यांचा संबंध कसा मोजावा?

नमस्कार मंडळी. नर्सिंग आणि पॅरामेडिकल शिक्षणात ई-लर्निंग कुठे रुजतं, कुठे नाही, यावर प्रबंध करतेय. संस्थेकडे येणारा पैसा हा मुख्य घटक धरलाय आणि तिथेच अडलेय.

एकूण बजेट घेतलं तर फसगत होते, कारण त्यातला मोठा भाग पगारात आणि इमारतीत जातो. मूडल हे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायचं सॉफ्टवेअर २००२ पासून मोफत आहे. पण सर्व्हर सांभाळणारा माणूस, शिक्षकांना धडे तयार करायला लागणारा वेळ, सिम्युलेशनच्या (रुग्णाऐवजी सरावासाठी वापरायच्या) पुतळ्यांची देखभाल, हे काही फुकट होत नाही. शिवाय एकरकमी अनुदान आलं की खरेदी उरकते, पण पुढच्या वर्षी लायसन्सचं नूतनीकरण कुठून करायचं? माझ्या मते खरी मेख या आवर्ती खर्चातच आहे. तो वेगळा काढायचा कसा?

दुसरं, ‘वापर’ म्हणजे नेमकं काय धरू? लॉगिनची संख्या पटत नाही. हजेरीपुरतं क्लिक करणारे भरपूर. डेव्हिस यांचं १९८९ चं तंत्रज्ञान-स्वीकृतीचं मॉडेल वापरणाऱ्याला वाटणारी उपयुक्तता आणि सोपेपणा बघतं, संस्थेची तिजोरी त्यात थेट येत नाही. मग विद्यार्थी आणि कॉलेज अशा दोन स्तरांवर मल्टिलेव्हल विश्लेषण करावं का? कॉलेजं मोजकीच मिळाली तर ते टिकेल का?

असं काम कुणी केलं असेल तर कोणते निर्देशक घेतलेत ते सांगा. आणि हो, खर्चाचे आकडे द्यायला संस्था का-कू करतात, त्यावर काही तोडगा असेल तर तोही हवाय.