एक एकरात पर्माकल्चर आणि विक्रीची भाजी: आधी झाडं की आधी वाफे?

मातीवाली

नमस्कार मंडळी, इथलं बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय. मी आणि नवरा मिळून एक एकरावर पर्माकल्चर पद्धतीने (म्हणजे पाणी, झाडं, पिकं एकमेकांना धरून रचलेली, टिकाऊ शेती) सुरुवात करायची म्हणतोय आणि त्यातल्याच एका भागात विकण्यापुरती भाजी. नुसती हौस परवडणारी नाही, भाजीतून घरात पैसा यायलाच हवा. जमीन एका अंगाला उतरती आहे, विहीर खालच्या टोकाला, घर साधारण मधे. माती जड आहे, पावसात चिकट आणि उन्हात दगड. हरळी आणि लव्हाळा ही तणं भरपूर.

व्हिडिओ बघून बघून डोक्याचा भुगा झालाय. एक जण म्हणतो पहिलं वर्ष काहीच करू नका फक्त निरीक्षण करा, दुसरा म्हणतो लगेच पन्नास वाफे पाडा, तिसरा तळं खोदून त्यात बदकं सोडतोय. आमच्याकडे माणसं दोनच आणि नवऱ्याची नोकरी अजून चालू आहे म्हणजे खरं तर दीडच. तर पहिल्या वर्षी नेमकं काय करावं, झाडं आधी की वाफे आधी, किती वाफे, आणि खत विकत आणायचं की घरीच करायचं? नांगरट करायचीच नाही असं आम्ही ठरवून टाकलंय, ते बरोबर आहे ना?

पाटकरी

ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामं एकात एक अडकलीत, ती आधी सोडवा. पर्माकल्चर हा शब्द 1970 च्या दशकात ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी रूढ केला, त्यात भर आहे तो पाणी, झाडं, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या रचनेवर. विक्रीची भाजी म्हणजे महिना-दोन महिन्यांचं पीक, दर आठवड्याला काढणी, दर आठवड्याला पेरणी. पहिल्याला धीर लागतो, दुसऱ्याला रोज हजेरी. दोन्ही एकाच एकरात छान बसतं पण एकाच वाफ्यात नाही.

वर्षभर निरीक्षणाचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. तळं, चर, झाडं, पाइपलाइन, या एकदा केलं की हलवता न येणाऱ्या गोष्टी, त्यांच्यासाठी एक पावसाळा थांबाच. मोठा पाऊस चालू असताना छत्री घेऊन शेतात फिरा, पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं, कुठे माती धुऊन नेतं तिथे खुंट्या ठोकत जा. भाजीसाठी मात्र वर्षभर थांबायची काही गरज नाही, वाफा चुकला तर पुढच्या हंगामात हलवता येतो.

उतारावर पाणी अडवायला चर काढायचे असतील तर समपातळी रेषा स्वतः काढता येते, मशीन लागत नाही. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधायच्या, मधे आडवी काठी, वरून दोरीला दगड लटकवायचा. ही A आकाराची चौकट एका जागी उभी करून दोरी आडव्या काठीवर जिथे टेकते तिथे खूण, मग पाय अदलाबदल करून त्याच जागी परत उभी करून दुसरी खूण, दोन्हींच्या बरोब्बर मधली खूण म्हणजे पातळी. मग दोरी त्या मधल्या खुणेवर येईल असं बघत चौकट एकेक पाऊल पुढे टाकत जायचं. पण जड मातीत चर काढताना सांडवा कुठे ठेवणार हे आधी ठरवा मग कुदळ उचला. भरलेल्या चरातलं पाणी कुठूनतरी बाहेर पडणारच, तुम्ही वाट दिली नाही तर ते बांध फोडून स्वतःची वाट काढेल. आणि चराच्या लगेच खाली भाजीचे वाफे नकोत, मुळं सडतात.

वाफे घराजवळ. विहिरीजवळ नाही, घराजवळ. पाणी पाइपने नेता येतं, तुमची नजर पाइपने नेता येत नाही.

हिशोबी_माळी

पाटकरींशी सहमत. मी फक्त आकडे मांडतो कारण सगळे वाफ्यांचे फोटो टाकतात आणि हिशोब कोणी टाकत नाही.

वाफा 75 सेंमी रुंद धरा, म्हणजे दोन्ही पाय वाटेत ठेवून मधोमध हात पोचतो आणि ओलांडताही येतो. वाट 45 सेंमी. लांबी 15 मीटर धरू. सगळे वाफे एकाच मापाचे ठेवा, कारण मग ड्रिपची नळी, जाळी, झाकायचा कागद सगळं कुठल्याही वाफ्यावर चालतं. एक वाफा म्हणजे 11.25 चौरस मीटर, वाटेसकट 18. वीस वाफे म्हणजे 360 चौरस मीटर, साडेतीन गुंठ्यांच्या जरा वर. एकराचा अकरावा हिस्सा फक्त! दीड माणसाला वीस वाफे पुष्कळ झाले, मी तर म्हणेन दहावर सुरू करा.

आता खत. नव्या वाफ्यावर 5 सेंमी कंपोस्टचा थर द्या असं सगळेच सांगतात. 11.25 गुणिले 0.05 म्हणजे एका वाफ्याला अर्धा घनमीटरहून थोडं जास्त. वीस वाफ्यांना सव्वाअकरा घनमीटर. ढीग कुजताना आकसून निम्मा किंवा त्याहून कमी होतो, म्हणजे 25 ते 30 घनमीटर कच्चा माल लागेल, पाला, शेण, भुसा, गवत. एका एकरातून पहिल्या वर्षी एवढं निघत नाही हो. त्यामुळे 'सगळं आपल्याच शेतातलं' हे पहिल्या वर्षी भाजीच्या वाफ्यांना लागू पडत नाही, बाहेरून आणावंच लागतं आणि त्यात काही पाप नाही. 19 व्या शतकातले पॅरिसचे भाजीवाले इवल्याशा जागेत जे बारमाही पीक काढायचे ते शहरातल्या घोड्यांच्या लिदीच्या जोरावर. लीद कुजताना जी उष्णता निघते तिच्यावरच ते थंडीत काचेखाली भाजी वाढवायचे. म्हणजे कमी जागेत दाट भाजी ही कायमच बाहेरच्या खतावर उभी राहिलेली आहे. घरचं कंपोस्ट आजच सुरू करा, पण ते पुढच्या वर्षासाठी.

ढीग लावताना हिरवं-सुकं असं मिसळा की कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण 25 ते 30 ला 1 च्या आसपास बसेल, किमान एक मीटर लांब-रुंद-उंच, नाहीतर तापत नाही. आत 55 अंशांच्या वर काही दिवस टिकलं आणि पलटी मारून बाहेरचा माल आत गेला की तणाचं बी आणि रोगाचे जंतू बऱ्यापैकी मरतात.

रानवाट

हिशोबी दादा, बाहेरून खत आणा म्हणालात पण मोठी गोष्ट राहिली. काही तणनाशकं अशी आहेत, अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड वगैरे, की फवारलेलं गवत जनावराने खाल्लं तरी ती पोटातून जशीच्या तशी शेणात येतात आणि कंपोस्ट झालं तरी लवकर मोडत नाहीत. असं शेणखत वाफ्यात गेलं की टोमॅटो, घेवडा, वाटाणा सगळ्यांची पानं वाकडी होतात आणि पुढे बराच काळ त्या वाफ्यात ही पिकं धड येत नाहीत. 

मी खत किंवा आच्छादनाचा पेंढा उतरवून घ्यायच्या आधी नमुना मागते. तीन कुंड्यांत ते खत आणि साधी माती मिसळून, तीनमध्ये नुसती माती, सगळीकडे घेवड्याचं बी. दोन-तीन आठवडे बघायचं. खताच्या कुंडीतली नवी पानं वाटीसारखी वळली, शेंडा पिळवटला आणि साध्या मातीतली सरळ असतील तर ती गाडी परत. कोणी कितीही 'नॅचरल आहे हो' म्हणालं तरी परत. कुंड्यांच्या खालून निघालेलं पाणी एकमेकांत जाऊ देऊ नका फक्त.

बांधावरचा_शहाणा

नांगरट नाही म्हणजे नाही, हे ठरवून टाकलंय म्हणता, ते कुठल्या मातीकडे बघून ठरवलंत? ही सध्याची फॅशन आहे. पावसानंतर ओल असताना एक सळई हाताने दाबत खाली न्या. सरसर जाता जाता वीतभर खोलीवर अडली आणि शेतात सगळीकडे त्याच खोलीवर अडत असेल तर खाली कडक थर आहे. त्यावर बिननांगरटवाले अंथरतात तसा पुठ्ठा आणि कंपोस्ट टाकून काही होत नाही, पावसाचं पाणी त्या थरावर थांबणार आणि मुळं आडवी पसरणार. एकदाच, माती ना ओली ना कोरडी अशी असताना तो थर फोडा, लगेच त्यावर ताग किंवा धैंचा असं हिरवळीच्या खताचं पीक पेरा म्हणजे मुळं त्या भेगा उघड्या ठेवतात, फुलावर आला की कापून तिथेच आच्छादन. मग पुढे नांगर बंद करा की खुशाल.

आणि लव्हाळा. पुठ्ठ्याखाली लव्हाळा मरतो असं सांगणाऱ्याने लव्हाळा बघितलेला नाही. तो प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर टोचून वर येतो, पुठ्ठा काय चीज आहे. रोटाव्हेटर तर चुकूनही नको, गाठींची साखळी तुटते आणि एकेक गाठ नवं रोप होते, हरळीचंही तेच, जितके तुकडे तितकी रोपं.

रानवाट

शहाणे काका टोन सोडला तर बरोबर बोलताहेत 😄 लव्हाळ्यावर माझं म्हणणं, तो मारायचा नाही, थकवायचा. वर चार-पाच पानं आली की उपटायचं, परत आली परत उपटायचं, गाठीत साठवलेलं संपत जातं. त्याला सावली अजिबात सोसत नाही त्यामुळे दाट पानांचं पीक, रताळ्याचे वेल किंवा चवळी, असं काहीतरी एक हंगाम त्यावर पसरू द्या. म्हणून दहा वाफ्यांसाठी लव्हाळा सगळ्यात कमी असलेला तुकडा निवडा. साधी गोष्ट आहे पण लोक रस्त्याकडून दिसायला छान म्हणून भलतीच जागा धरतात.

जुडी_बांधणारा

सगळे मातीवर बोलले, विकण्यावर कोणीच नाही. भाजी काढून झाल्यावर गिऱ्हाईक शोधायला निघालं की पडेल भावात द्यावी लागते. वाफा पाडायच्या आधी दहा घरं पक्की करा जी दर आठवड्याला ठरल्या दिवशी घेतील. मग उलटं मोजा. दहा घरांना आठवड्याला एकेक जुडी पालक म्हणजे दहा जुड्या, त्या अमुक मीटर वाफ्यातून निघतात, तेवढाच तुकडा दर दहा-बारा दिवसांनी पेरायचा. सगळा वाफा एकदम पेरला तर एकदम तयार होतो आणि दहा घरं एकदम पन्नास जुड्या खात नाहीत.

मुळा साधारण महिन्याभरात, पालक पाच-सहा आठवड्यांत, घेवडा दोन महिन्यांच्या आतबाहेर, टोमॅटो रोप लावल्यापासून दोन-अडीच महिने. थंडी-ऊन बघून मागेपुढे होतं. सुरुवातीला लवकर येणारी आणि हातात पैसा देणारी चार-पाचच पिकं घ्या. तीस जातींची यादी करू नका, फोटोत छान दिसते पण तीस प्रकारचं बी, तीस अंतरं, तीस तारखा सांभाळायला डोकं पुरत नाही.

पालेभाजी उन्हाच्या आधी कापायची. दहाला कापलेली आणि सहाला कापलेली यात संध्याकाळी जमीनअस्मानाचा फरक दिसतो, कारण पानातली उष्णता आणि पानातलं पाणी. कापली की लगेच सावलीत, स्वच्छ गार पाण्यात बुडवून, निथळून, ओल्या गोणपाटाखाली. धुवायला ओटा, सावली आणि पाण्याचा निचरा असलेली जागा वाफ्यांच्या आधी करा असं मी तर म्हणेन, कारण काढणी-धुणं-जुड्या-पोचवणं यात निम्मा वेळ जातो आणि ते कोणी व्हिडिओत दाखवत नाही.

नळीवाला

ड्रिप घ्याच. आणि फिल्टर. फिल्टर महत्त्वाचा.

मातीवाली

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. सळई आजच घालून बघितली, काका म्हणतात तसं वीतभरावर अडतेय, घराच्या मागच्या बाजूला मात्र अडत नाही आणि तिथे लव्हाळाही कमी आहे. म्हणजे दहा वाफे तिथेच करायचे असं दिसतंय. दोन शंका राहिल्या. एक, मग झाडांचं काय, ती पुढच्या वर्षीच का? आणि पाणी, विहीर खाली असल्यामुळे वर टाकी बांधून तिथून ड्रिप चालेल का? कोंबड्या पाळायचीही इच्छा आहे पण ते नंतर बघू.

पाटकरी

टाकीचं आधी सांगतो. दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो, त्यामुळे वाफ्यांपेक्षा दोन मीटर उंच टाकी म्हणजे 0.2 बार. नेहमीची ड्रिप त्यावर नीट चालत नाही, पहिल्या रोपाला भरपूर आणि शेवटच्याला थेंबभर असं होतं. कमी दाबावर चालणारी नळी मिळते ती घ्या, 15 मीटरच्या वाफ्याला पुरते, नाहीतर सरळ पंपावरून. पाणी किती, तर कडक उन्हात वाफ्याच्या दर चौरस मीटरला रोज 6-7 लिटर धरून चला, दहा वाफ्यांचे 112 चौरस मीटर, म्हणजे सातशे-आठशे लिटर, आच्छादन असेल तर त्याहून कमी. विहीर उन्हाळ्याच्या शेवटी रोज एवढं देते का ते तेव्हाच मोजा, पावसाळ्यात भरलेली विहीर बघून वाफे वाढवू नका.

झाडं पुढच्या वर्षी, पण रोपं यंदाच तयार करायला घ्या. विषुववृत्ताच्या उत्तरेला असाल तर उंच झाडं भाजीच्या उत्तरेला ठेवा, सावली वाफ्यावर येत नाही. आणि अंतर भरपूर, कारण मुळं फांद्यांच्या घेराच्या कितीतरी बाहेर जातात आणि कंपोस्ट घातलेला ओला वाफा त्यांना लगेच सापडतो.

रानवाट

कोंबड्या आल्या की त्यांची ताजी विष्ठा थेट भाजीच्या वाफ्यात नको एवढं लक्षात ठेवा ताई. अमेरिकेतल्या सेंद्रिय प्रमाणीकरणात नियम असा आहे की न कुजवलेलं खत घातलं तर मातीला टेकणाऱ्या भाजीच्या काढणीपूर्वी 120 दिवस आणि बाकीच्या पिकांना 90 दिवस जायला हवेत. पालक महिना-दीड महिन्यात निघतो, त्यामुळे तिथे ताजं खत बसतच नाही, ढिगातूनच जाऊ द्या. आणि कुंपण वाफ्यांना घाला, कोंबड्यांना नाही. नवं रोप आणि ताजं आच्छादन दिसलं की त्या उकरणारच.

बांधावरचा_शहाणा

घराच्या मागे वाफे करताय तर न्हाणीचं पाणी कुठे जातं ते आधी बघा. साबणाचं पाणी पालेभाजीवर नको, ते झाडांकडे वळवा. आणि सळई अडली त्या बाजूला यंदा फक्त थर फोडून ताग, दुसरं काही नको.