मदत हवी आहे: गव्हाळ त्वचेवरील कर्करोगासाठी मलम आणि लाल प्रकाशाचा उपचार

नमस्कार. नाशिकला राहणाऱ्या माझ्या आईच्या (वय ७१) पाठीवरील काळपट चट्टा बायोप्सीत वरवरचा, रंगद्रव्ययुक्त बेसल सेल कार्सिनोमा निघाला आहे. हा कर्करोग सावकाश वाढतो आणि शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो, एवढा दिलासा आहे. चट्टा कापून काढावा, म्हणजे त्याच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतील, असे तेथील त्वचारोगतज्ज्ञांचे मत आहे. परंतु मधुमेह आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांमुळे आई टाक्यांना तयार नाही.

मी इंग्लंडमध्ये असते. येथे अशा वरवरच्या चट्ट्यांवर फोटोडायनॅमिक थेरपीही देतात. मिथाइल अमिनोलेव्हुलिनेटचे मलम लावून जागा तीन तास झाकून ठेवतात. तेवढ्या वेळात रोगट पेशींमध्ये प्रोटोपॉर्फिरिन हे प्रकाशसंवेदी द्रव्य साठते आणि सुमारे ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडल्यावर ऑक्सिजनच्या साहाय्याने त्या पेशी नष्ट होतात. आठवड्याच्या अंतराने असे दोनदा करतात. व्रण फारसा राहत नाही, याचे आईला फार अप्रूप आहे. (पाठीवरचा व्रण पाहणार कोण, हा माझा युक्तिवाद तिने उडवून लावला.)

माझी शंका वेगळीच आहे. मेलॅनिन हे त्वचेतील रंगद्रव्य स्वतःच प्रकाश शोषून घेते, त्यामुळे काळपट चट्ट्यात प्रकाश पुरेसा खोल पोहोचत नाही आणि गुण कमी येतो, असे वाचले. शिवाय या उपचाराचा बहुतेक अनुभव गोऱ्या युरोपीय रुग्णांवरचा आहे. नेदरलँड्समधील चाचणीत तर वरवरच्या प्रकारातही पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहण्याचे प्रमाण या उपचाराने सुमारे ६३ टक्के, फ्लुरोयुरॅसिल मलमाने ७० टक्के आणि इमिक्विमॉड मलमाने ८० टक्के होते. म्हणजे शस्त्रक्रिया नकोच असेल, तर घरी सहा आठवडे लावायचे इमिक्विमॉड अधिक बरे, असे मला वाटू लागले आहे.

गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवरील रंगद्रव्ययुक्त चट्ट्यासाठी आपल्यापैकी कोणी प्रकाशाचा उपचार घेतला किंवा दिला आहे का? त्याआधी चट्टा खरवडून घेतला होता का, आणि नंतर त्या जागी काळे डाग किती काळ राहिले? प्रकाश चालू असताना होणारी आग वृद्ध व्यक्तीला सोसवते का? महाराष्ट्रात ही सोय कोठे आहे, हेही कळवावे. लेप आणि काढे कृपया सुचवू नयेत.