जुना चेनसॉ चोकवर चालतो, रेस दिली की बंद

सेकंडहँड चेनसॉ घेतलाय, चोकवर लगेच सुरू होतो पण चोक काढून रेस दिली रे दिली की बंद. प्लग नवा टाकला, एअर फिल्टर साफ केला, फरक शून्य. कार्बोरेटरच नवीन घेऊ का?

>> थांबा हो, घाई नको. चोक हवा अडवतो, त्यावरच चालतोय म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय. टाकीतली नळी बाहेर काढून वाकवून बघा, जुनं रबर वाकवलं की बारीक चिरा उघडतात आणि तिथून हवा आत जाते. टोकाचा फिल्टरही बदला. मग कार्बोरेटरचा डायफ्राम (आतला पातळ लवचिक पडदा) बघा, तो मऊ नसून कागदासारखा कडकड वाजला तर फक्त डायफ्रामचं किट टाका.

>> त्याआधी सायलेन्सर काढून त्या भोकातून पिस्टन बघा! उभे खोल ओरखडे असतील तर बाकी खर्च वाया. आणि पेट्रोल ताजं, 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल, मॅन्युअलमध्ये 25:1 असेल तर 40. चेन ब्रेक (चेन झटकन थांबवणारा) लागतो ना तेही बघाच, प्लीज.

>> नळीच निघाली! टाकीच्या भोकापाशी चीर होती, पिस्टन गुळगुळीत आहे, आता फुल रेसला मस्त चालतोय. ब्रेक मात्र सरकत नाहीये, तो खोलतो आधी, तोवर लाकडाला लावत नाही.