मदत हवी आहे: सी मध्ये मराठी नावं छापली की रकमेचा रकाना वाकडा होतो

मंडळी, कॉलेजात सी ही प्रोग्रामिंगची भाषा नुकतीच सुरू झालीय. आईच्या बचत गटाची महिन्याची यादी छापायला छोटा प्रोग्राम लिहिला. लिनक्स आणि जीसीसी (सीचा कंपायलर) वापरतेय. (फोनवरून लिहितेय, म्हणून कोड शब्दांत.)

प्रिंटएफमध्ये (सीचं छापायचं फंक्शन) नावाला टक्का, वजा, २०, एस, म्हणजे नाव डावीकडे लावून २० जागा. रकमेला टक्का, ८, टिंब, २, एफ, म्हणजे ८ जागा, त्यात २ दशांश. नावं इंग्रजीत होती तोवर रकमा एका रेषेत. आई म्हणाली, "गटात इंग्रजी कोण वाचणार?" नावं मराठीत केली आणि रकाना नाचायला लागला. 'रमा'पुढे भलीमोठी मोकळी जागा, 'सुनीता'ची रक्कम नावाला जवळपास चिकटलेली. २० चे ४० केले, तिरकेपणा तेवढाच. टॅब दोन नावांपुरता चालला. गंमत म्हणजे स्ट्रलेन (लांबी मोजणारं फंक्शन) 'सुनीता'ची लांबी १८ सांगतो! कुठे चुकतेय?

प्रतिसाद:
चूक नाही, उत्तर तुमच्या १८ मध्येच आहे. प्रिंटएफ रुंदी अक्षरांत नाही, बाइटमध्ये (संगणकाच्या साठवणीच्या एककात) मोजतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, उकार ही सगळी वेगळी चिन्हं. स, उकार, न, वेलांटी, त, काना: ६ त्रिक १८. २० मधून उरल्या २ स्पेस. 'रमा'चे बाइट ९, तिला मिळाल्या ११.

तेव्हा स्पेस आपणच मोजून टाकायच्या. सुरुवातीला सेटलोकेलला रिकामी स्ट्रिंग द्या, म्हणजे प्रोग्राम संगणकाची भाषा-मांडणी वापरेल. हे विसरलात तर पुढचं सगळं बोंबलेल. मग एमबीएसटूडब्ल्यूसीएसनं नाव वाइड स्ट्रिंगमध्ये (जिथे प्रत्येक चिन्हाला एक घर) घ्या आणि डब्ल्यूसीएसविड्थला पडद्यावरची रुंदी विचारा. नाव साध्या टक्का-एसनं छापा. लगेच पुढे टक्का, तारा, एस; तारा म्हणजे रुंदीचा आकडा वेगळा द्यायचा. ताऱ्याला २० वजा ती रुंदी, एसला रिकामी स्ट्रिंग. नाव लांब असेल आणि वजाबाकी ऋण आली तर शून्य धरा. नाहीतर तारा ऋण आकड्याचा अर्थ 'डावीकडे लाव' असा घेतो आणि नको तिथे स्पेस सोडतो.

आणि नाव १० वर कापायला टक्का, टिंब, १०, एस वापरू नका. तिथेही बाइटच मोजतात: तीन चिन्हं पूर्ण, चौथ्याचा एक तुकडा, आणि पडद्यावर कचरा.

धागाकर्ती:
जमलं! डब्ल्यूसीएसविड्थ सापडत नाही म्हणून कंपायलर कुरकुरला; ते मूळ सीचं नाही, पॉझिक्स या युनिक्सछाप प्रणालींच्या मानकाचं फंक्शन असल्यामुळे पहिल्या ओळीत एक्सओपन-सोर्स डिफाइन करावं लागलं. 'ज्योत्स्ना'च्या जोडाक्षरांपाशी टर्मिनल अजून किंचित फट दाखवतो. आईला चालतंय.