केमिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षासाठी बडोद्यात खासगी शिक्षक हवा आहे

दांडियाबाजारकर (प्रश्न)

सर्व सभासदांना नमस्कार. माझा मुलगा डिप्लोमा पूर्ण करून ‘डी टू डी’ने, म्हणजे थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षात, केमिकल इंजिनिअरिंगला दाखल झाला आहे. डिप्लोमात त्याला चांगले गुण होते, त्यामुळे पुढचे सुरळीत होईल असे आम्ही गृहीत धरले. परंतु पदवीच्या पहिल्याच सत्रात गणित आणि प्रोसेस कॅल्क्युलेशन्स या दोन्ही विषयांत त्याला एटीकेटी लागली. आता या सत्रात थर्मोडायनॅमिक्स आणि फ्लुइड फ्लो आहेत, आणि ज्यात तो अडकला त्याच पायावर हे दोन्ही विषय उभे आहेत, असे तो स्वतःच सांगतो. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केलेला माणूस आहे. घरात या विषयातले कोणालाच काही कळत नाही.

मध्यंतरी एका परिचिताच्या सांगण्यावरून मी त्याला शहरातल्या एका क्लासमध्ये घातले. तेथील सर केमिस्ट्री फार छान शिकवतात असे ऐकले होते, आणि ते खोटेही नव्हते. मात्र दोन महिन्यांनी मुलाने सांगितले की सर अकरावी-बारावीचेच रसायनशास्त्र पुन्हा शिकवत आहेत आणि त्याच्या अभ्यासक्रमातले एकही गणित अजून फळ्यावर आलेले नाही. फी आगाऊ भरली होती, ती परत मिळाली नाही. केमिकल इंजिनिअरिंग म्हणजे केमिस्ट्री हा समज माझाच होता, त्यामुळे तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार?

आमच्या शेजारी एक निवृत्त केमिकल इंजिनिअर राहतात आणि ते पैसे न घेता शिकवायला तयार आहेत. त्यांना होकार द्यावा की रीतसर शिक्षक शोधावा? शोधायचा तर कोठे, आणि समोर आलेला माणूस योग्य आहे की नाही हे माझ्यासारख्याने कसे ओळखावे? आणखी एक गोष्ट म्हणजे मुलाची शाळा गुजराती माध्यमाची होती, घरी मराठी आहे आणि कॉलेजात सर्व काही इंग्रजीतून चालते. शिक्षक निवडताना भाषेचाही विचार करावा का?

निवृत्त प्लांटवाला

तुमच्या शेजाऱ्यांच्या जागी मी स्वतःला सहज पाहू शकतो, म्हणून आमच्या जातकुळीच्या लोकांबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. माझी सारी नोकरी कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात डिस्टिलेशनच्या, म्हणजे द्रव उकळून त्यातले घटक वेगळे करण्याच्या, उंच टॉवरांच्या सहवासात गेली. निवृत्त झाल्यावर भाच्याला मास ट्रान्सफर (ज्यात डिस्टिलेशन येते तो विषय) शिकवायला मोठ्या उत्साहाने बसलो. टॉवरमध्ये फ्लडिंग होऊ लागले, म्हणजे द्रव तुंबू लागला, की प्रेशर ड्रॉप कसा वाढतो, रिफ्लक्स, म्हणजे वरून टॉवरमध्ये परत सोडलेला द्रव, वाढवला की माल शुद्ध होतो पण तळाशी द्रव उकळणाऱ्या रीबॉयलरला वाफ किती जास्त लागते, हे मी त्याला तासभर रंगवून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘मामा, क्यू-लाइन कशी काढायची?’ ही रेघ ज्या आलेखात येते ती मॅकेब आणि थील यांची पायऱ्या मोजण्याची पद्धत १९२५ सालची आहे आणि परीक्षेत ती आजही हमखास येते. पण कारखान्यात हे काम संगणक करतो, त्यामुळे तो आलेख मी कॉलेज सोडल्यानंतर एकदाही हाताने काढलेला नव्हता. त्या रात्री मलाच अभ्यासाला बसावे लागले.

तेव्हा शेजाऱ्यांना होकार जरूर द्या, परंतु परीक्षेची तयारी त्यांच्यावर सोपवू नका. त्यांच्याकडून मुलाला यंत्रे आणि प्रक्रिया डोळ्यांपुढे उभ्या करून घ्यायला सांगा. प्रोसेस कॅल्क्युलेशन्समध्ये रीसायकल आणि पर्ज यांची जी गणिते असतात ती पुस्तकात फार कोरडी वाटतात. तीच आपल्या फर्टिलायझरनगरच्या खतकारखान्यातल्या अमोनियावरून समजावली तर कशी उलगडतात पाहा. रिअॅक्टरमध्ये एका फेरीत हायड्रोजन आणि नायट्रोजन यांचा थोडाच भाग अमोनियात बदलतो, म्हणून उरलेला वायू परत फिरवावा लागतो. पण नायट्रोजन हवेतून घेतलेला असतो, आणि हवेत सुमारे ०.९३ टक्के आर्गन असतो. हा आर्गन कशाशीच संयोग पावत नाही. काही केले नाही तर तो प्रत्येक फेरीत साठतच जाईल. म्हणून फिरत्या वायूचा थोडा भाग सतत बाहेर सोडतात, आणि त्याबरोबर थोडा चांगला वायूही गमावतात. किती सोडायचा, हेच ते गणित. ज्याने हे एकदा मनाशी पाहिले आहे त्याला ‘पर्ज’ची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

परीक्षेसाठी मात्र गेट (अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाची) परीक्षा उत्तीर्ण झालेला एखादा तरुण पाहा आणि मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्याच्याकडून सोडवून घ्या. तेवढे पुरेल.

सूरसागरकाठची

मी सध्या केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करते आणि गेली चार वर्षे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घरी शिकवते. काकांचे पर्जचे उदाहरण मी आता उसने घेणार आहे. त्यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मात्र मी सहमत नाही. ज्या मुलाचा पायाच कच्चा आहे त्याला सोडवलेल्या प्रश्नपत्रिका दिल्या की तो पायऱ्या पाठ करतो, आणि आकडे बदलले की पुन्हा अडतो. शिवाय गेटचा स्कोअर चांगला असणे आणि शिकवता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. गेटमध्ये तीन तासांत ६५ लहान प्रश्न सोडवायचे असतात आणि फक्त अंतिम उत्तर पाहिले जाते. विद्यापीठाच्या परीक्षेत आकृती, गृहीतके आणि प्रत्येक पायरी लिहावी लागते. गेटच्या क्लासला घालून सत्राचे विषय सुटतील, अशी आशा ठेवू नये.

शिक्षक शोधण्याआधी मुलगा नेमका कोठे अडतो ते शोधा, असे मी प्रत्येक पालकाला सांगते, आणि त्यासाठी पहिल्याच भेटीत मुलाला एक गणित देते. ते तुम्हीही देऊ शकता. ‘१००० किलो ओल्या मालात २० टक्के पाणी आहे. तो इतका वाळवला की त्यात ५ टक्केच पाणी उरले. किती पाणी उडाले?’ बहुतेक मुले वीसमधून पाच वजा करतात आणि १५० किलो म्हणून मोकळी होतात. उत्तर सुमारे १५८ किलो आहे. कोरडा माल ८०० किलो होता आणि तो कोठेही जात नाही. वाळल्यावर तोच एकूण मालाच्या ९५ टक्के असतो, म्हणजे एकूण वजन ८४२ किलो आणि फरक १५८. यात आठवीपलीकडचे गणित नाही. जो मुलगा १५० म्हणतो त्याला ‘टक्के कशाचे?’ हा प्रश्न पडत नाही, आणि त्याला थर्मोडायनॅमिक्सचा शिक्षक लावून काही उपयोग नाही. त्याच्याकडून महिनाभर फक्त मटेरियल बॅलन्स, म्हणजे आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या मालाचा हिशेब, करून घ्यावा लागतो.

गंमत अशी की याच गणिताने शिक्षकाचीही पारख होते. त्याला मुलासमोर ते शिकवायला सांगा आणि तुम्ही शेजारी बसून नुसते पाहा. विषय कळण्याची गरज नाही. चांगला शिक्षक आधी एक चौकोन काढतो, आत काय येते आणि बाहेर काय जाते ते बाण दाखवून मांडतो, आणि ‘यातले काय बदलत नाही?’ असे मुलालाच विचारून गप्प बसतो. जो लगेच सूत्र लिहून स्वतःच उत्तर काढतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

कोठे शोधायचे, तर कलाभवनातल्या, म्हणजे सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेतल्या, केमिकल विभागात पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन करणारी मुले असतात. त्यांतल्या कित्येकांना शिकवणीची गरज असते आणि नुकताच अभ्यास झालेला असल्यामुळे विषय ताजा असतो. विभागात जाऊन प्रत्यक्ष विचारणे हा जाहिराती चाळण्यापेक्षा सोपा मार्ग आहे. मुलाच्याच कॉलेजातल्या प्राध्यापकांना मात्र खासगी शिकवणीसाठी विचारू नका. कामात बाधा येईल अशा खासगी शिकवण्या करू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आचारसंहितेतच आहे, आणि जो आपले पेपर तपासणार त्याला फी देणे कोणाच्याच हिताचे नसते. उलट त्यांच्या कक्षात जाऊन शंका विचारायला काहीच लागत नाही, आणि मुले तेवढेच करत नाहीत.

पैशांविषयी एवढेच सांगते की संपूर्ण सत्राची रक्कम आगाऊ देऊ नका. तो अनुभव तुम्ही घेतलेलाच आहे. मी तासाला ४०० रुपये घेते आणि दर चार तासांनी हिशेब करते. असाइनमेंट लिहून देण्याची तयारी कोणी आपणहून दाखवली तर तो शिक्षक नव्हे, लेखनिक आहे असे समजावे. आयआयटींच्या एनपीटीईएलवर या सर्व विषयांची व्याख्याने विनामूल्य आहेत. मुलाने ती आधी पाहावीत आणि शिक्षकाचा तास फक्त न समजलेल्या भागासाठी ठेवावा, म्हणजे तुमचा खर्चही निम्म्यावर येईल.

पूर्वीची डी टू डी

मीही त्याच वाटेने आले आहे, म्हणून एका मुद्द्याची भर घालते. डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या मुलांनी पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित केलेलेच नसते. माझे घोडे रिअॅक्शन इंजिनिअरिंगमध्ये अडले होते. पहिल्या ऑर्डरच्या (उरलेल्या मालाच्या प्रमाणात वेग असलेल्या) अभिक्रियेत ९० टक्के रूपांतर हवे असेल तर ढवळत्या टाकीचे आकारमान नळीसारख्या रिअॅक्टरच्या जवळजवळ चौपट लागते, हे मी पाठ केले होते. टाकीसाठी ९ आणि नळीसाठी २.३ हे आकडे कोठून येतात, ते मात्र मला सांगता येत नसे. तो दुसरा आकडा इंटिग्रेशनमधून आलेला लॉगॅरिदम होता आणि मला इंटिग्रेशन येत नव्हते. विषय मला कळत नाही, असे मात्र मी दोन सत्रे समजत राहिले. तुमच्या मुलाला गणितातही एटीकेटी आहे, तेव्हा पहिला शिक्षक गणिताचाच लावा. असा शिक्षक मिळायला सोपाही असतो.

भाषेविषयी म्हणाल, तर शिकवणी ज्या भाषेत मुलगा मनात विचार करतो तिच्यात व्हावी आणि लिखाण इंग्रजीत. १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन उभे केले, तेव्हा त्यांचाही भर तांत्रिक शिक्षण लोकांच्या भाषेतून देण्यावरच होता. मला गुजरातीतून समजावणारे सर मिळाले आणि पेपर इंग्रजीत लिहिताना त्यामुळे काही बिघडले नाही.

दांडियाबाजारकर

आपणा सर्वांचा आभारी आहे. काल रात्री जेवणानंतर मुलाला ओल्या मालाचे गणित घातले. त्याने क्षणभरही न थांबता १५० सांगितले. मी काहीच बोललो नाही, कारण मलाही मनातल्या मनात तेच उत्तर आले होते. मग त्याला एवढेच विचारले की वाळवताना कोणती गोष्ट बदलत नाही, आणि दहा मिनिटांनी तो कागद घेऊन परत आला. त्यावर ८४२ लिहिलेले होते. गणिताच्या शिकवणीसाठी ओळखीतल्या एका एम.एस्सी. झालेल्या मुलीशी बोलणे झाले आहे, चार-चार तासांच्या हिशेबाने. सोमवारी कलाभवनात चौकशी करून येतो. शेजारच्यांना रविवारी सकाळी बोलावले आहे. आर्गनचे नाव काढताच त्यांनी जुनी वही शोधायला घेतली.

सूरसागरकाठची

मुलाने ८४२ स्वतः काढले असेल तर पुढचे गणित पर्जचेच द्या. मात्र रविवारची बैठक होऊ द्या आणि मग द्या.