एका मीटरवरची तीन बिऱ्हाडं

विजेच्या बिलाबद्दल काहीजण म्हणतात की १०० युनिटांच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल महाग होतं. तसं नाही. वाढीव दर फक्त १०० च्या पुढच्या युनिटांना लागतो. खरा अन्याय वेगळाच आहे. आमच्या बार्शीत जुन्या वाड्यांमध्ये तीन-तीन बिऱ्हाडं एकाच मीटरवर असतात. प्रत्येकाकडे एक पंखा, दोन दिवे, एक टीव्ही. पण बेरीज १०० च्या पुढे जाते आणि गरिबालाच बंगलेवाल्याचा दर पडतो, वर १६ टक्के वीज शुल्क! वीज कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार मालकच नव्हे, जागेत राहणाराही वीजजोडणी मागू शकतो. भाडेकरूंनी स्वतंत्र मीटरसाठी अर्ज करायलाच हवा.